निरोप कुणाचा, कुणासाठी?

आपल्या घरांत आज चांगल्या वचनांची वाण नाही. पहाटे डोळा उघडावा, तो मोबाईलवर सुविचार येऊन बसलेला असतो. त्याच्या पाठोपाठ दिवसाच्या संताचे चित्र येते, कुण्या फादरांच्या प्रवचनाची ध्वनिफीत येते, पायाच्या बोटांत कुंचला धरून रंगविणाऱ्या मुलाची चित्रफीत येते, दूरच्या देशातल्या कुण्या दुकानदाराने भुकेल्याला जेवू घातल्याची हकिकत येते. काही कुटुंबांत आणि प्रार्थनागटांत तर आठवड्यातून एकदा प्रत्येकाने इंटरनेटवर आढळलेली एखादी वेधक, मन उंचावणारी गोष्ट सर्वांपुढे ठेवावी, असा प्रघातच पडला आहे. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात पांगलेली. वडीलधारी माणसे वाडीवरच्या घरात. त्यांना एका धाग्यात बांधणारी ही साप्ताहिक शिदोरी आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

चांगले ते वाटून खावे, ही शिकवण तर आपल्याला लहानपणापासूनची. दिवा लावून तो मापाखाली झाकून ठेवू नये, असे खुद्द प्रभूने सांगितले आहे. मग ह्या वाटण्यात नैतिक प्रश्न तो कोणता? प्रश्न आहे, आणि तो वरवर दिसतो त्याहून अवघड आहे. एखादी गोष्ट चांगली वाटली, एवढे एकच कारण ती दुसऱ्याच्या हाती ठेवण्यास पुरेसे आहे काय?

ह्या प्रश्नाला हात घालण्यासाठी आपल्याच इतिहासातला एक शब्द उपयोगी पडतो. १९०३ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री डोरिंग यांनी एक मराठी मासिक सुरू केले आणि त्याचे नाव ठेवले 'निरोप्या'. नाव साधे, परंतु अर्थपूर्ण आहे. निरोप्या म्हटला की त्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : निरोप कुणाचा आहे, निरोप काय आहे आणि तो कुणाला द्यायचा आहे. मयताचा किंवा लग्नाचा निरोप घेऊन गावोगाव चालत जाणारा माणूस ह्यांतली एक गोष्ट जरी विसरला, तरी त्याची सारी पायपीट वाया जात असे. आपण आज दिवसाकाठी जे निरोप पुढे पाठवितो, त्यांच्या बाबतीत ह्या तीनपैकी किती गोष्टी आपल्याला ठाऊक असतात?

पूर्वीच्या लोकांना ह्या गोष्टी ठाऊक असत, त्या ते आपल्याहून अधिक पुण्यवान होते म्हणून नव्हे. त्यांना कष्ट पडत असत, हे त्याचे कारण. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे त्या छापील प्रती नाहीशा झाल्या. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले, तेव्हा आधार घेतला तो हस्तलिखितांचा. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ श्रद्धावंत माणसांनी हाताने उतरवून काढला, जपला आणि पुढच्या पिढीच्या हाती दिला होता. ओवी लिहून घ्यायची म्हणजे ती आधी वाचावी लागते, मनातल्या मनात म्हणावी लागते, लिहिताना हात थांबला तर पुन्हा मागे जाऊन पाहावी लागते. दुसऱ्याला देण्याआधी स्वतः घेणे नकलकाराला भागच पडे. आज ते भाग पडत नाही. बोटाच्या एका स्पर्शाने न वाचलेला मजकूरही दोनशे घरांत पोहोचतो. त्यामुळे पूर्वी जे कष्टांनी आपोआप साधत होते, ते आता आपल्याला सदसद्विवेकाने साधावे लागणार आहे.

तीन प्रश्नांतला पहिला घेऊ : निरोप कुणाचा?

आपल्याला शांतीचे साधन कर, अशी याचना करणारी एक प्रार्थना संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या मंदिरांत ती म्हटली जाते, गायिली जाते, शाळांच्या भिंतींवर लावली जाते. वस्तुतः संत फ्रान्सिस यांच्या लेखनाच्या जुन्या हस्तलिखितांत ही प्रार्थना कोठेही नाही. तिचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील पुरावा १९१२ सालचा आहे. पॅरिसमध्ये 'ला क्लोशेत', म्हणजे 'लहान घंटा', ह्या नावाचे एक छोटे धार्मिक मासिक निघत असे; त्यात ती लेखकाच्या नावाविना आली. १९१६ साली, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, व्हॅटिकनच्या 'लोसेर्व्हातोरे रोमानो' ह्या दैनिकाने ती प्रसिद्ध केली. नंतर कुणी फ्रान्सिस्कन धर्मगुरूने एका पवित्र चित्राच्या मागच्या बाजूला ती छापली. चित्राच्या पुढच्या बाजूला संत फ्रान्सिस होते. कार्ड हातोहात फिरले आणि पुढची बाजू मागच्या बाजूची लेखक होऊन बसली. कुणी खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने फक्त एक चांगली गोष्ट पुढे दिली होती.

मदर तेरेसा यांच्या नावाने फिरणाऱ्या एका मजकुराची कथाही अशीच आहे. लोक कृतघ्न असले तरी त्यांच्यावर प्रेम करा, चांगुलपणा विसरला जाणार असला तरी चांगलेच वागा, अशा आशयाच्या त्या आज्ञा केंट कीथ ह्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९६८ साली विद्यार्थी-नेत्यांसाठी काढलेल्या एका पुस्तिकेत लिहिल्या होत्या. कोलकात्याच्या शिशुभवनात त्या भिंतीवर लावलेल्या होत्या. पाहणाऱ्यांना त्या मदरच्याच वाटल्या आणि जगाने त्यांच्याखाली मदरचे नाव घातले.

येथे कुणीही विचारील, आणि ते विचारणे रास्तच आहे : शब्द चांगले आहेत ना? त्यांनी कुणाचे मन शांत झाले, कुणी वैर विसरले, तर वर नाव कुणाचे का असेना, बिघडले काय?

काहीच बिघडत नाही, असे म्हणता येत नाही. थोर नाव जोडले की आपण त्या शब्दांना थोर नावाची प्रतिष्ठा उसनी देतो आणि ऐकणारा त्या उसन्या प्रतिष्ठेवर विश्वास टाकतो. उद्या त्याच घरातल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला खरी हकिकत कळते. मग तिच्या मनात पहिली शंका येते ती मजकूर पाठविणाऱ्या मावशीविषयी नव्हे, तर श्रद्धेच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या इतर साऱ्या गोष्टींविषयी. दुसरे नुकसान अधिक सूक्ष्म आहे. सोयीचे शब्द संतांच्या तोंडी घातले की खुद्द संतांचे शब्द वाचण्याची गरज वाटेनाशी होते. १२२६ साली, मरणाच्या उंबरठ्यावर असताना, संत फ्रान्सिस यांनी जे आपले मृत्युपत्र सांगितले, त्याच्या आरंभीच कुष्ठरोग्यांची आठवण आहे. ज्यांच्याकडे पाहणेही असह्य होत असे, त्यांच्यामध्ये जाऊन राहिल्यावर आपले जीवन पालटले, असे ते सांगतात. हा फ्रान्सिस शुभेच्छापत्रावर सहजी मावणारा नाही. म्हणूनच कदाचित तो फार फिरत नाही.

आणि तिसरी गोष्ट अशी की, सत्य सांगितल्याने त्या प्रार्थनेचे तेज मुळीच उणे होत नाही. एका लहानशा मासिकात, आपले नावही न देता, कुणीतरी शांतीची याचना करून ठेवावी, दोनच वर्षांत युरोप रणांगण व्हावे आणि त्या आगीत ती याचना हजारो ओठांवर जावी, ही हकिकत दंतकथेहून कमी उन्नत करणारी आहे काय? देवाच्या राज्यात अनामिकांचेही काम असते, हे तिच्यातून कळते. खरी गोष्ट बहुधा खोटीपेक्षा अधिक श्रीमंत असते. ती शोधण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न : निरोप काय? तो खरा आहे काय?

संत पौल फिलिप्पैकरांना लिहिताना कोणकोणत्या गोष्टींवर मन लावावे, याची एक यादी देतात. आदरणीय, न्याय्य, शुद्ध, रमणीय असे सारे तिच्यात आहे. परंतु यादीत पहिले स्थान आहे ते सत्याला. थेस्सलनीकाकरांना तर ते स्पष्टच सांगतात की, सर्व गोष्टी पारखून पाहाव्यात आणि चांगले ते धरून ठेवावे. पारखणे आधी, धरणे नंतर. आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा होतो. मजकूर भावला की तो खराच असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते. साक्ष न्यायालयातच द्यावी लागते असे नाही. 'हे पाहा, असे घडले आहे' असे शंभर माणसांना सांगणे ही साक्षच होय.

सद्हेतूने दिलेली खोटी साक्ष कोठवर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने २०१८ साली पाहिले आहे. त्या वर्षी मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर मोबाईलवरून पसरत होत्या. त्या पुढे पाठविणाऱ्यांतील बहुसंख्य लोक दुष्ट नव्हते. ते आई-बाप होते. शेजाऱ्याचे मूल वाचावे, एवढाच त्यांचा हेतू असणार. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ती गरीब माणसे होती. मुले पळविणारे समजून त्यांचा जीव घेतला गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरले. बोटांवर मर्यादा कंपनी घालू शकते. मनाला लगाम घालणे तिच्या हातचे नाही.

कुणी म्हणेल, अफवा कोठे आणि सुविचार कोठे? अंतर आहेच, परंतु सवय एकच आहे. सुखावणारे न पारखता पुढे पाठविण्याची सवय जडलेला हात भिववणारेही न पारखताच पुढे पाठवितो. शेतात निदण वाढल्याचा दाखला प्रभूने दिला, तेव्हा ते पेरले कधी गेले, हेही त्याने सांगितले आहे : माणसे झोपेत असताना.

तथापि पारखलेला, खरा, योग्य नावाचा मजकूरही आपल्या मनाला स्पर्श न करता आपल्यातून पार होऊ शकतो. पन्हळीतून पाणी वाहून जाते आणि पन्हळ कोरडीच राहते, तशातला तो प्रकार. मेंढपाळांनी गोठ्यापाशी येऊन जे सांगितले, ते ऐकून साऱ्यांनी आश्चर्य केले. पवित्र मरियेने मात्र त्या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते नुसते प्रकाशण्यापेक्षा दुसऱ्याला प्रकाश देणे श्रेष्ठ; त्याचप्रमाणे नुसत्या चिंतनापेक्षा चिंतनातून लाभलेले दुसऱ्याला देणे श्रेष्ठ. ह्या वाक्यातला 'लाभलेले' हा शब्द आपण नीट ऐकला पाहिजे. संत इग्नेशियस लोयोला यांनीही आपल्या 'आध्यात्मिक साधने'च्या आरंभी बजावले आहे की, पुष्कळ जाणल्याने आत्मा तृप्त होत नाही, तर आतून चाखल्याने तृप्त होतो. दिवसाला चाळीस सुविचार चाखता येत नाहीत. आठवड्याला एक चाखता येतो.

ह्या संदर्भात नव्या करारातला एक शब्द विचार करण्याजोगा आहे. करिंथकरांना प्रभुभोजनाविषयी लिहिताना संत पौल म्हणतात की, जे मला लाभले तेच मी तुमच्या हाती सोपविले. आणि लगेच पुढे, ज्या रात्री प्रभूला शत्रूंच्या हाती सोपविण्यात आले त्या रात्रीविषयी ते बोलू लागतात. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. हातातले दुसऱ्याच्या हाती देणे, एवढाच त्याचा अर्थ. प्रेषितांनी केले तेही हेच आणि यहूदाने केले तेही हेच. एकाला आपण परंपरा म्हणतो, दुसऱ्याला विश्वासघात. देणाऱ्याने ते आधी स्वतःच्या काळजात घेतले होते की नाही, ह्यावर फरक ठरला.

आता तिसरा प्रश्न : निरोप कुणासाठी?

ईयोबाचे तीन मित्र त्याच्यावरची संकटे ऐकून भेटीला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्दही बोलले नाही. त्यांच्या मैत्रीतला हाच सर्वांत चांगला काळ. नंतर ते बोलू लागले. ते जे बोलले ते वाईट होते काय? देव न्यायी आहे, तो निष्कारण शिक्षा करीत नाही, पश्चात्ताप करणाऱ्याचे तो भले करतो — ह्यातले पुष्कळसे सुभाषित म्हणून आजही कुणी भिंतीवर लावील. परंतु ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर त्यांच्यावर रागावतो. शब्द भक्तिभावाचे होते. समोरचा माणूस मात्र त्यांच्या लेखी उरला नव्हता. घरात नुकतेच मयत झाले आहे आणि देव नेहमी उत्तम तेच निवडतो, अशा अर्थाचे फुलांनी सजविलेले चित्र येते. नोकरी गेलेल्या बापाच्या मोबाईलवर हसत राहण्याचा उपदेश येतो. पाठविणाऱ्याने तो दीडशे जणांना पाठविलेला असतो. त्या दीडशेत हा एक आहे, हे त्याच्या ध्यानीही नसते.

संत याकोबाने तर ह्याहून कठोर बोट ठेवले आहे. उघड्या-भुकेल्या बंधुभगिनीला ऊब मिळो, पोट भरो, असे तोंडाने म्हणायचे आणि हातांनी काहीच द्यायचे नाही, त्याचा उपयोग काय, असे तो विचारतो. मन उंचावणारी चित्रफीत पाहून डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खरे असते. परंतु आपण काही केले, असा समाधानाचा भास ते मागे ठेवून जाते आणि पलीकडच्या घरातल्या एकट्या म्हातारीचे दार तसेच लोटलेले राहते. व्हॅटिकनच्या संज्ञापन विभागाने २०२३ साली समाजमाध्यमांवर एक चिंतन प्रसिद्ध केले. त्याच्या केंद्रस्थानी चांगल्या शोमरोन्याचा दाखला ठेवला आहे, तो उगाच नव्हे. वाटेवर पडलेला माणूस पाहणारे तिघे होते. शेजारी ठरला तो एकच.

ह्यावर एक आक्षेप आपण प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. एवढे सारे पारखून, मनन करून, माणूस पाहून पाठवायचे ठरविले, तर कुणी काही पाठविणारच नाही. घरात एकटी राहणारी वृद्ध आत्या रोज सकाळी गुलाबाचे तेच चित्र पाठविते. तिने काय पारखायचे? आक्षेप खरा आहे. आत्याच्या गुलाबात मजकूर नाहीच. 'मी आज उठले आहे, तुमची आठवण आहे', एवढाच तो निरोप आहे. तो कुणाचा, काय आणि कुणासाठी, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्यात आहेत. त्याची थट्टा करणाऱ्यांनी त्याला एकदा उत्तर म्हणून दूरध्वनी करून पाहावा. आपले म्हणणे आहे ते ज्यांना सवड आहे, शिक्षण आहे, शोधण्याची साधने आहेत, त्यांच्यासाठी; म्हणजे आपल्यांतील बहुतेकांसाठी.

आणि हे अशक्य नाही, ह्याचा दाखला आपल्याच काळात घडला आहे. १९९१ साली लंडनमध्ये जन्मलेला आणि मिलानमध्ये वाढलेला कार्लो अक्युटिस संगणकात रमणारा मुलगा होता. रोजच्या मिस्सेची त्याला ओढ होती. तेथे जे लाभले, ते इतरांना द्यावे म्हणून त्याने जगभरच्या पवित्र मिस्साविषयक चमत्कारांची माहिती जमविली. ठिकठिकाणच्या शंभराहून अधिक घटना, स्थळकाळासह, त्याने संकलित केल्या आणि इंटरनेटवर मांडल्या. ह्या कामात त्याची काही वर्षे गेली. मिलानच्या रस्त्यांवर झोपणाऱ्या बेघरांनाही तो ओळखत असे आणि आपल्या खाऊच्या पैशांतून त्यांना मदत करीत असे. ऑक्टोबर २००६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. यंत्र आपल्या हाती आहे तेच त्याच्या हाती होते, किंबहुना आपले अधिक वेगवान आहे.

तेव्हा आपल्या कुटुंबांतला आणि गटांतला तो साप्ताहिक प्रघात मोडू नये; त्याला थोडे वळण द्यावे. आठवड्यातून एकच गोष्ट निवडावी. ती शेवटपर्यंत वाचावी किंवा पाहावी. ती कुणाची आणि कोठली, हे शोधावे. सापडले नाही तर 'लेखक अज्ञात' असे लिहिण्यात कमीपणा मानू नये. ती आपल्याला का भिडली, हे स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत सांगावे, कारण त्या दोन ओळींतच निरोप्याचा चेहरा दिसतो. पाठविण्यापूर्वी गटातल्या प्रत्येक नावावरून नजर फिरवावी आणि कुणाच्या घरी आज दुःख आहे, हे आठवावे. दुसऱ्याने पाठविलेले पाहून त्याला दोन शब्द कळवावेत. मुलांना हे करताना दिसू द्यावे. पारख ही उपदेशाने शिकवता येत नाही.

अम्माऊसच्या वाटेवरच्या त्या दोन शिष्यांची आठवण येथे होते. वाटेत प्रभू बोलत असताना त्यांची अंतःकरणे आतून पेटली होती. भाकर मोडताना त्यांनी त्याला ओळखले. सांज कलली होती, मुक्कामाचे ठिकाण आले होते, दिवसभराची चाल झाली होती. तरीही ते त्याच घटकेला उठले आणि सुमारे अकरा किलोमीटरची वाट पुन्हा तुडवीत यरुशलेमला परतले. सांगण्याजोगे खरोखर काही लाभले होते, म्हणून पायांना थकवा जाणवला नाही. आणि शुभवर्तमानकार एक बारीकशी गोष्ट नोंदवून ठेवतो : ते पोहोचले तेव्हा आपली हकिकत सांगण्याआधी त्यांना तेथे जमलेल्यांची हकिकत ऐकावी लागली. प्रभू शिमोनाला दिसला होता. ती ऐकून घेतल्यावर मग त्यांनी वाटेत काय घडले ते सांगितले.